रॉकेलचा वास, फरशीखालचा पाइप आणि नवा बॉयलर

घर आणि दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही इंग्लंडमध्ये हेरेफर्डशायरला एक जुनं कॉटेज घेतलंय, गावात गॅसची लाइन नाही, आजूबाजूला सगळ्यांकडे तेलाचाच बॉयलर. आमचा बॉयलर युटिलिटी रूममध्ये आहे, म्हातारा झालाय, तो आता बदलतोय. टाकी मागच्या बागेत आहे, हिरवी प्लास्टिकची, एकपदरी, तिथून तांब्याचा पाइप जमिनीत शिरतो आणि किचनच्या काँक्रीटखालून युटिलिटीत निघतो असं आधीचे मालक सांगून गेले. बिल्डर म्हणतो पाइपला काही झालेलं नाही, नवा बॉयलर त्यालाच जोडू, उगाच खर्च कशाला. पण सासूबाई सांगलीहून आल्यात आणि पहिल्याच दिवशी म्हणाल्या की किचनमध्ये रॉकेलचा वास येतोय! आम्हाला तर कधी जाणवलाच नाही. पाइप ठेवावा का? टाकीपण बदलावी का? आणि हे सगळं बिल्डरनेच केलं तर चालतं का?

उत्तर : ताई, बिल्डरचं राहू द्या, सासूबाईंचं ऐका. ज्या पिढीने वातीचा आणि पंपाचा स्टोव्ह वापरलाय त्यांचं नाक या बाबतीत कुठल्याही मीटरपेक्षा बरं, आणि तुमच्या टाकीत आहे ते खरोखर रॉकेलच आहे, इथल्या धंद्यात त्याला सी-टू केरोसिन किंवा ट्वेंटी-एट सेकंड ऑइल म्हणतात इतकंच. तुम्हाला वास येत नाही कारण तुम्ही रोज त्यातच राहता. नाक चार दिवसांत सरावतं.

आता घाबरून जाऊ नका, वास बॉयलरच्या केसिंगमधून म्हणजे बाहेरच्या पेटीतून, एखाद्या ढिल्या नटमधून किंवा जुन्या रबरी होजमधूनही येऊ शकतो, तिथे आधी बघायचं. पण किचनमध्ये वास आणि किचनखाली पाइप हे दोन्ही एकत्र आलं की मी तरी आधी पाइपवरच संशय घेईन. वास फारच असेल तर टाकीजवळचा व्हॉल्व आजच बंद करा, एक-दोन दिवस इलेक्ट्रिक हीटरवर काढा.

बरेच लोक मला सांगतात की आम्ही टाकीत काठी घालून बघितलं, तेल कमी होत नाहीये, म्हणजे गळती नाही. हा हिशोब जरा करून बघा. सेकंदाला एक थेंब पडतोय असं धरलं तर दिवसाला ८६,४०० थेंब, साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे दिवसाला चार लिटरच्या वर तेल जमिनीत. आणि तुमच्या टाकीचा तळ दोन चौरस मीटरचा असेल तर चार लिटरने पातळी खाली येणार फक्त २ मिलिमीटर! काठीवर ते कोणाला दिसणारे, आणि त्यात बॉयलर चालू असेल तर विषयच संपला. खरी गळती तर बहुतेक वेळा याहून बारीक असते, पाझरल्यासारखी, म्हणून ती महिनोन्‌महिने कळतच नाही. गॅस गळला तर घर लगेच ओरडून सांगतं, तेल गुपचूप खाली जात राहतं, आणि कळतं तेव्हा फरशीखालची माती उकरायची वेळ आलेली असते, त्याचं बिल हजारो पौंडांत जातं. त्यामुळे काठीवर विसंबू नका, टेक्निशियन बोलवा, तो लाइन दोन्ही टोकांना सोडवून हवा भरून प्रेशर टेस्ट करेल, प्रेशर उतरलं की निकाल लागला.

आणि समजा टेस्टमध्ये पाइप पास झाला, तरी मी तो ठेवणार नाही. उघडं तांबं काँक्रीटमध्ये पुरलं की हळूहळू खाल्लं जातं, आत कुठे जोड आहेत का ते कोणालाच माहीत नाही, आणि आजची पद्धतच अशी आहे की तेलाची लाइन शक्यतो घराखालून न्यायचीच नाही. दुसरा काही इलाजच नसेल तर एकसलग, बिनजोडाचा पाइप, तोही दुसऱ्या बंद पाइपच्या आतून. तुमच्याकडे इलाज आहे, घराला वळसा घाला. नवा बॉयलर बसतोय म्हणजे माणसं, हत्यारं सगळं दारात आहेच, आत्ता नाही बदलला तर पुढे फक्त पाइपसाठी कोणी येणार नाही. जुना पाइप नुसता कापून ठेवू नका हं, आधी त्यातलं तेल काढून घ्यायचं आणि मग दोन्ही तोंडं कायमची बंद करायची.

नवी लाइन कशी असावी ते सांगतो, म्हणजे काम चालू असताना तुम्हाला उभं राहून बघता येईल. घरगुती बॉयलरला बहुतेक १० मिलिमीटरचा मऊ तांब्याचा पाइप लागतो, बाहेरून प्लास्टिकचं कोटिंग असलेला, तो कॉइलमध्ये मिळतो. कॉइलचा फायदाच हा की टाकीपासून भिंतीपर्यंत एकच अखंड तुकडा नेता येतो. एवढा बारीक पाइप कसा पुरणार असं वाटेल, पण २० किलोवॉटचा बॉयलर पूर्ण जोरात चालला तरी तासाला दोन-सव्वादोन लिटरच तेल पितो, त्याला जाड पाइप लागत नाही. जमिनीतून जातो तेवढ्या भागात पाइप किमान ४५० मिलिमीटर खोल हवा, खाली-वर वाळू, दगडगोटे नकोत, आणि त्याच्या वर थोड्या अंतराने खाली ऑइल लाइन आहे असं छापलेली टेप, म्हणजे पुढे कोणी कुदळ मारली तर आधी टेप लागेल. विजेच्या केबलबरोबर एकाच चरात नको. चर बुजवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, भिंतीपासून किती अंतरावर ते टेप-मेजर धरून, घर विकताना हे फोटो सोन्याचे ठरतात.

जोडांबद्दल मात्र हट्टी रहा. जमिनीखाली जोड नको म्हणजे नकोच. काही कारणाने करावाच लागला तर वरून झाकण उघडून बघता येईल अशा चेंबरमध्येच. जमिनीवरचे जोड फ्लेअरचे करा म्हणावं, म्हणजे पाइपचं तोंड फुलवून नटाने आवळायचं. प्लंबर लोकांना पाण्याच्या सवयीने सोल्डर करायची खुमखुमी असते, तेलाच्या लाइनला मऊ सोल्डर चालत नाही, कारण आग लागली तर तोच आधी वितळणार आणि आगीला वरून तेल मिळत राहणार. गॅल्वनाइज्ड पाइप किंवा फिटिंगही नको, त्यावरचं जस्त आणि केरोसिन यांचं जमत नाही. थ्रेडवर लावायचं कंपाउंडही तेलाला टिकणारंच हवं, पाण्याच्या कामातलं डब्यात उरलेलं नाही.

आता ज्या एका वस्तूसाठी मी हे एवढं लांबण लावलंय ती म्हणजे फायर व्हॉल्व. पितळेचा लहानसा व्हॉल्व असतो, त्यातून एक केसासारखी बारीक तांब्याची नळी निघते आणि नळीच्या टोकाला एक बोटाएवढी बल्ब असते. ही बल्ब बॉयलरच्या केसिंगमध्ये बर्नरच्या वर बसवतात, आणि व्हॉल्व स्वतः बसतो घराच्या बाहेर, पाइप भिंतीत शिरण्याआधी. आत काही पेटलं आणि ठरलेल्या तापमानाच्या वर गेलं, साध्या बॉयलरला बऱ्याचदा ६५ अंश, काही गरम केसिंगवाल्यांना ९०, की बल्बमधला द्रव प्रसरण पावतो आणि बाहेर व्हॉल्व खट्‌कन बंद. तेल घरात येणंच थांबलं. वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही.

आणि तरीही जुन्या घरांत मी बघतो ते काय, तर व्हॉल्व घराच्या आतच, बॉयलरच्या शेजारी! म्हणजे आग आत, व्हॉल्वपर्यंतचा तेलाने भरलेला पाइपही आत, मग उपयोग काय त्याचा? नाहीतर व्हॉल्व बाहेर आहे पण बल्ब केसिंगच्या बाहेरच गुंडाळून लोंबकळत ठेवलेली, कारण नळी आखूड पडली किंवा सर्व्हिस करताना कोणीतरी काढली आणि परत घालायचा कंटाळा केला. जुन्या बॉयलरजवळ लाल चाक असलेला एक व्हॉल्व दिसतो, त्याचं डोकं उष्णतेने वितळतं आणि तो बंद होतो, तो जादाचा म्हणून असला तर असू दे पण तोच एकटा असेल तर आज ते मान्य नाही. तुमच्या केसमध्ये युटिलिटीच्या बाहेरच्या भिंतीवर व्हॉल्व, भिंतीच्या भोकात स्लीव्ह म्हणजे आवरणाची नळी, त्यातून पाइप आणि ती बारीक नळी, नळीला कुठे मुरड पडलेली नको, मुरडली की ती मेली. नळी वेगवेगळ्या लांबीत मिळते, तेव्हा आधी अंतर मोजून मागवा. बाकी टाकीच्या तोंडाशी एक बंद करायचा व्हॉल्व आणि फिल्टर, बॉयलरजवळ अजून एक व्हॉल्व, एवढं असतंच. रबरी होज असेल तर ती सर्व्हिसला बदलायची, साध्या होजला वर्षभर खूप झालं.

टाकीकडे येऊ. तेल साठवायला टाकी एकपदरी घ्यावी की दुपदरी? दुपदरी म्हणजे इथे जिला बंडेड म्हणतात ती, टाकीत टाकी, बाहेरच्या भांड्यात आतल्याच्या ११० टक्के तेल मावेल अशी. इंग्लंडच्या नियमांत काही ठिकाणी ती घ्यावीच लागते : टाकी २,५०० लिटरपेक्षा मोठी असेल, १० मीटरच्या आत ओढा-नदी-तळं असेल, ५० मीटरच्या आत विहीर, झरा किंवा बोअर असेल, सांडलेलं तेल कडक जमिनीवरून गटारात किंवा ढिल्या मॅनहोलमध्ये जाईल अशी जागा असेल, किंवा टँकरवाला तेल भरताना त्याला टाकीचा व्हेंट, म्हणजे हवा बाहेर जायची नळी, दिसत नसेल. यातलं एक जरी लागू झालं तरी बंडेड. हेरेफर्डशायर म्हणजे बराचसा वाय नदीच्या खोऱ्यातला भाग, ओढे जागोजागी, आणि अशा जुन्या कॉटेजना पाणी बऱ्याचदा स्वतःच्या बोअरचं असतं, तुमचं किंवा शेजाऱ्याचं ते आधी शोधा. माझं मत विचाराल तर एकपदरी प्लास्टिकची टाकी उन्हाने पांढुरकी पडली असेल, वयही कोणाला माहीत नसेल, तर नियम लागू होवो न होवो, बंडेडच घ्या.

जागा ठरवताना आगीचं अंतर बघायचं. घरापासून, खिडक्या-दारांपासून आणि बॉयलरच्या धुराड्यापासून १.८ मीटर, शेजाऱ्याच्या हद्दीपासून ७६० मिलिमीटर. तेवढी जागा नसेल तर मध्ये अर्धा तास आग अडवेल अशी भिंत किंवा पडदी लागते. खाली १०० मिलिमीटरचं काँक्रीट किंवा किमान ४२ मिलिमीटर जाडीच्या फरशा, आणि हा पाया टाकीच्या सगळ्या बाजूंनी ३०० मिलिमीटर बाहेर आलेला, म्हणजे गवत टाकीला चिकटत नाही.

राहिला बिल्डर. इथे गॅससारखं नाही, गॅसला रजिस्टर्ड माणूसच लागतो, तेलाच्या कामाला कायद्याने तशी सक्ती नाही पण काम बिल्डिंग कंट्रोलला, म्हणजे बांधकामाचे नियम तपासणाऱ्या खात्याला, कळवावं लागतं. ऑफटेककडे, म्हणजे तेलाच्या हीटिंगचं काम करणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेकडे, रजिस्टर असलेला टेक्निशियन स्वतःच्या सहीने काम पास करू शकतो, नसेल तर आधी कौन्सिलकडे अर्ज, फी, तपासणीची वाट बघणं, हे सगळं तुमच्या गळ्यात. बिल्डरला चर खणू द्या, काँक्रीट ओतू द्या, ते त्याचं काम आहे आणि तिथे पैसे वाचतातही. पाइप, व्हॉल्व, टाकीची जोडणी आणि बॉयलर चालू करणं हे ऑफटेकवाल्याकडे. त्याच्याकडून इन्स्टॉलेशनचा सीडी/१० आणि कमिशनिंगचा, म्हणजे बॉयलर चालू करून तपासल्याचा, सीडी/११ हे कागद आणि टाकीच्या जागेचं रिस्क असेसमेंट लेखी मागून घ्या, विमा कंपनी पहिलं तेच विचारते. आणि हो, २०२२ च्या ऑक्टोबरपासून इंग्लंडमध्ये नवा तेलाचा बॉयलर बसवला की त्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लागतो, बरेच जण अजून समजतात की तो फक्त गॅसला आणि लाकडाच्या शेगडीला.

इतका खर्च करायच्या आधी एक कोटेशन हीट पंपचंही घ्या, इंग्लंड-वेल्समध्ये त्याला सरकारी ७,५०० पौंडांची मदत आहे. जुनं दगडी घर असेल तर भिंती आणि रेडिएटर बघूनच ठरवावं लागेल, सरसकट हो म्हणणार नाही मी.

प्रश्न : सर, आमचं घर नॉर्थ यॉर्कशायरमध्ये उतारावर आहे आणि टाकी घरापेक्षा बरीच खाली. गेल्या आठवड्यात तेल संपलं, नवं भरलं, आता बॉयलर सुरू होतो, थोडं घुरघुरतो आणि लाल लाइट लावून बंद पडतो. मेहुणा म्हणतो रीसेट दाबत रहा, येईल तेल कधीतरी. बरोबर आहे का? आणि हे दर वेळी असंच होणार का?

उत्तर : मेहुण्यांना म्हणावं हात आवरा. रीसेट एकदा, फार तर दोनदा. प्रत्येक वेळी बर्नर आत तेलाचा फवारा मारायचा प्रयत्न करतो, ते पेटलं नाही तर भट्टीतच साठतं, आणि मग कधीतरी पेटतं तेव्हा सगळं एकदम पेटतं, दणका बसतो. तुमचा प्रॉब्लेम बहुतेक हवेचा आहे, टाकी रिकामी झाली तेव्हा पाइपमध्ये हवा शिरली. एवढं तुम्ही बघा की टाकीचा व्हॉल्व नीट उघडा आहे का आणि फायर व्हॉल्व बंद पडलेला तर नाही, आणि ते ठीक असेल तर टेक्निशियनला बोलवा, तो हवा काढेल आणि फिल्टरही बदलेल, कारण रिकाम्या टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी हमखास ओढलं जातं.

टाकी बर्नरपेक्षा वर असली की तेल आपोआप उतरतं, एक पाइप पुरतो. तुमच्याकडे पंपाला तेल खालून ओढून घ्यायचंय, तिथे ओढताना तेलातून हवेचे बुडबुडे सुटतात आणि पंप अडखळतो. यावर उपाय म्हणजे डीएरेटर, टायगर लूप म्हणून जो मिळतो तो. पारदर्शक टोपीची डबी असते, टाकीकडून तिला एकच पाइप, आणि तिथून बर्नरकडे दोन, एक जायचा एक यायचा, पंप तेल फिरवत राहतो आणि हवा डबीतून बाहेर निघून जाते. ती घराच्या बाहेरच्या भिंतीवरच लावायची, आत नाही, कारण त्यातून तेलाची वाफही बाहेर येते. किती उंची ओढता येते त्याला मर्यादा आहे, साधारण साडेतीन मीटरच्या पुढे हा उपाय धरू नका, मग वेगळा पंप आणि दुसरी व्यवस्था लागते.

बसवणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून विचारा, पंपातला बायपास स्क्रू बघितला का? दोन पाइपच्या जोडणीला तो घालावा लागतो, एका पाइपला काढावा लागतो. उलटं झालं, म्हणजे एकच पाइप आणि स्क्रू आतच, तर जादाच्या तेलाला जायला वाट नाही, पंपाचं सील फुटतं आणि तेल बर्नरवर. पाच मिनिटांचं काम आहे पण राहून जातं.

आणि तेल संपू देऊ नका हो. टँकरवाले सहसा ५०० लिटरच्या खाली येत नाहीत, थंडीत नंबर लागायला वेळ लागतो, पाव टाकी उरली की फोन करायचा.

प्रश्न : आमची प्लास्टिकची टाकी विटांच्या चार खांबांवर ठेवलेली आहे, मधून खाली पोट सुटलंय. आधीच्या मालकाने वीस वर्षं अशीच वापरली म्हणे. नॉरफोकला राहतो. लगेच धोका आहे का, आणि समजा फुटलीच तर काय करायचं?

उत्तर : लोखंडी टाकी खांबांवर चालते, प्लास्टिकच्या टाकीला तळ पूर्ण टेकलेला लागतो. पोट सुटलंय म्हणजे खांबांच्या कडांवर सगळा ताण आलाय आणि चीर तिथूनच जाते. हिला सपाट पाया करून परत बसवू असं कोणी सुचवलं तर नको म्हणा, वाकलेलं प्लास्टिक सरळ होत नाही. टाकी बदला. तोपर्यंत नवं तेल भरू नका, आहे ते वापरून खाली येऊ द्या, वजन जितकं कमी तितकं बरं. बाजूला तेलाची पातळी दाखवणारी पारदर्शक नळी असेल तर तिचा खालचा कॉक बंद ठेवा, ती नळी निसटली तर अख्खी टाकी त्यातून रिकामी होते.

फुटलीच तर, जवळपास सिगरेट-शेगडी काही नको, व्हॉल्व बंद करून उपयोग होणार असेल तर बंद करा, खाली बादल्या, टब जे सापडेल ते लावा, आणि वाळू किंवा माती टाकून तेल गटाराकडे जाण्यापासून अडवा. पाण्याने किंवा साबणाने धुऊन काढायचं नाही, त्याने ते जमिनीत आणि गटारात अजून खोल जातं. ओढ्यात, गटारात किंवा जमिनीत गेलं असेल तर एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा २४ तासांचा फोन आहे, ०८०० ८० ७० ६०, तिथे कळवा, आणि त्याच दिवशी विमा कंपनीलाही. तुमची पॉलिसी आजच काढून वाचा, काहींमध्ये सांडलेल्या तेलाची किंमत मिळते पण माती साफ करण्याचा खर्च धरलेला नसतो, काहींमध्ये शेजाऱ्याच्या जमिनीत गेलं तर वेगळा नियम असतो. तसं असेल तर टाकी बदलायच्या आधी एजंटला फोन करून ते कलम घालून घ्या, मात्र जुनी टाकी फुगलीये हे त्याच्यापासून लपवू नका, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच पुढे करतील.